बाराचं पाणी

आमच्या खाडीला नदी म्हणणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही. राग माझ्या नाकावर असतो असं घरचे म्हणतात, तर असू दे. पण ह्या बाबतीत माझा राग रास्त आहे, आणि त्यातला अर्धा माझ्या स्वतःवरच आहे, ते पुढे कळेलच.

एप्रिल संपत आला होता. मी शाळेतून घरी निघाले होते. शाळेच्या कार्यालयात मी कारकून आहे, मीरा रोडला राहते, पण माहेर भाईंदर पूर्वेच्या खारी गावातलं. शेअर रिक्षा सिग्नलला थांबली आणि समोरच्या खांबावर भलाथोरला बॅनर. ‘समर रिव्हर फेस्ट’. खाली, ‘नदीकाठी उन्हाळ्याची धमाल’. मागे हिरव्यागार पाण्याचं चित्र, दोन्ही काठांवर सूचिपर्णी झाडं, लांब बर्फाचे डोंगर. आता भाईंदरला बर्फाचे डोंगर कुठून आणले मेल्यांनी? मी मोठ्यानेच बोलले वाटतं, कारण शेजारची बाई दचकून माझ्याकडे बघायला लागली.

बॅनरच्या तळाशी आणखी एक ओळ होती. ‘पारंपरिक महिला नौका स्पर्धा, सायंकाळी साडेपाच, बुद्धपौर्णिमा.’ ती वाचली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण ती स्पर्धा आमची होती.

आमची म्हणजे गावाची. मे महिन्यात मिठागरांवर मीठ ओढायची घाई असते, पूर्वी तर गावातले सगळे पुरुष तिकडेच असायचे. मग होड्या बायकांच्या ताब्यात यायच्या. पलीकडच्या काठावर भाजी न्यायची, पाहुणे आणायचे, आजारी माणूस पोचवायचा, सगळं बायकाच करायच्या. त्यातूनच केव्हातरी शर्यत सुरू झाली. तीन पाड्यांच्या तीन होड्या, एकेका होडीत सहा बायका. धक्क्यापासून निघायचं, रेल्वेच्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला वळसा घालायचा आणि परत यायचं. जिंकणाऱ्यांना ताडगोळ्यांचे घड. हरणाऱ्यांनी ते सोलून द्यायचे. एवढंच. ना माइक, ना झेंडा, ना पाहुणे. आता मिठागरं आटली, गावाला इमारतींनी चारी बाजूंनी वेढलं, पण शर्यत टिकली होती.

होडीतल्या पाच जणी वल्हवतात. सहावी मागे बसते, तिच्या हातात मागचं लांब वल्हं. होडी कुठे वळणार ते तिच्या हातात. आमच्या पाड्याचं ते मागचं वल्हं माझ्या आत्याकडे होतं, तीसेक वर्षं. वडिलांची मोठी बहीण, गावातच दिलेली, सत्तरी ओलांडलेली, काटक. हे वल्हं कसं द्यायचं याचाही एक रिवाज आहे. घरात देत नाहीत, काठावर देत नाहीत. त्या वर्षी नवी बाई होडीत सातवी बसते. शर्यत चालू असताना जुनी बाई खांबापर्यंत होडी नेते, खांबाच्या सावलीत वल्हं नवीच्या हातात ठेवते आणि पुढे सरकून बसते. परतीची वाट नवीची. आत्याला ते तिच्या सासूने तसंच दिलं होतं.

बॅनरच्या आधीच, होळीला, आत्याने मला बाजूला घेतलं होतं. तिचा उजवा खांदा दोन वर्षं कुरकुरत होता आणि डॉक्टरने तिला सांगितलं होतं की यंदा एकदा काय ते वल्हवून घ्या, मग बंद. ती म्हणाली, “यंदा खांबावर तुना देते.” तिला मुलगी नाही, सून विरारला. मी पन्नाशीची बाई, पण कोणीतरी दहावीचा निकाल सांगावा तसं माझं झालं. “पुनवेला कुठं जाऊ नको,” ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

तर त्या बॅनरवरची साडेपाचची वेळ वाचून मला का संताप आला, ते सांगते. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. समुद्रावरून आमच्या धक्क्यापर्यंत पाणी आत यायला आणखी अर्धा-पाऊण तास. म्हणजे बारा. पौर्णिमेला बाराला खाडी काठोकाठ, आणि तिथून सहा तासांनी, संध्याकाळी सहाला, साफ रिकामी. पौर्णिमेची भरती जेवढी मोठी तेवढीच ओहोटी खोल. साडेपाचला धक्क्याखाली पाणी नसतं, नुसता गाळ असतो. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

पण हे आयोजक गावातले नव्हते. मीरा रोडचं कुठलंसं मंडळ, सगळे हौशी, इस्त्रीचे टी-शर्ट घातलेले. ते देवळाच्या मंडपात बैठकीला आले तेव्हा त्यांच्या अध्यक्षांनी खाडीकडे हात करून म्हटलं, “इतनी सुंदर रिव्हर है आपके पास और किसी को पता ही नहीं!” आत्या पुढेच बसली होती. ती म्हणाली, “ही नदी न्हाय. खारी हाय. साडेपाचला पानी नसते.” अध्यक्षांनी हात जोडले. “आजी, आप टेन्शन मत लो, सब प्लॅन किया है.” आणि माझ्याकडे वळले, “मॅडम, तुम्ही गावाच्या समन्वयक व्हाल का? तुम्हाला लेटर वगैरे लिहिता येतात.”

इथे माझं तोंड उघडायला हवं होतं. जी बाई भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, वेळ पडल्यास मुख्याध्यापकांशीही भांडते, ती त्या दिवशी गप्प बसली. का, तेही सांगते, लपवून काय करायचंय. ते म्हणत होते की धक्क्याच्या तुटलेल्या पायऱ्या नीट करू, लाइफ जॅकेट आणू, रुग्णवाहिका ठेवू. आणि ते म्हणत होते की हजारो लोक बघायला येतील. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या इमारतीतल्या बायका आल्या. वीस वर्षं मला लिफ्टमध्ये विचारतात, “आप लोग तो वो मच्छीवाले ना?” आम्ही आगरी, मीठ आणि भात करणारे, पण ते कोण ऐकतंय. मला वाटलं, येऊ देत एकदा. बघू देत मला मागचं वल्हं हातात घेऊन येताना. ही माझी हौस. ही हौस नसती तर पुढचं काही झालं नसतं.

घरी येऊन मी अध्यक्षांना फोन केला खरा. वेळ बाराची करा म्हटलं. ते म्हणाले, “मॅडम, पाहुण्यांनी साडेपाच दिलेत, सूर्यास्ताचे फोटो चांगले येतात. आणि बारा बजे धूप में कौन आएगा? थोडं अ‍ॅडजस्ट करा ना. इतनी बडी रिव्हर है, पानी कहाँ जाएगा?”

आणि मी म्हटलं, “ठीक आहे.”

पाणी कुठे जाईल म्हणे! अहो, रोज दोनदा जातं. तुमच्या जन्माच्या आधीपासून जातंय. हे सगळं मी फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात बोलले, कुकरला. फोनवर मात्र ठीक आहे.

पौर्णिमेला सकाळी सातपासून धक्क्यावर गाण्यांचा दणदणाट. झुंबा चालू होता. मग चित्रकला स्पर्धा, मग माठ रंगवणे. मिठागराच्या बांधावर पिवळ्या छत्र्यांखाली आइस्क्रीम, कुल्फी, चाट. एका चौकटीवर ‘आय लव्ह रिव्हर’ असं लिहून फुलं लावली होती आणि माझ्या इमारतीतल्या बायका तिथे फोटो काढत होत्या. त्या खूश होत्या, मला हाका मारत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. पायऱ्या खरंच नीट केल्या होत्या. गळ्यात ‘समन्वयक’ अशी पट्टी घालून मी इकडून तिकडे फिरत होते.

पावणेबाराला आत्या आली. हिरवं लुगडं, कासोटा घट्ट मारलेला, डोक्याला फडकं, खांद्यावर मागचं वल्हं. मागून आमच्या पाचही जणी. तिघींच्या हातात भाकरीच्या पुरचुंड्या, कारण जिंकलो तरी हरलो तरी बसून खायचंच. खाडी भरली होती. पाणी नव्या पायऱ्यांच्या वरून तिसऱ्या पायरीपर्यंत चढून संथ उभं होतं. दुसऱ्या पाड्यांच्या होड्याही लागल्या होत्या. त्यांनाही वेळ माहीत होती, बॅनरवर काही का असेना.

“चल,” आत्या मला म्हणाली. “पानी हाय तवर चल.”

मी म्हटलं, “आत्या, लाइफ जॅकेटची गाडी चारला येणार आहे. त्याच्याशिवाय पाण्यात उतरलो तर बाद करतील. त्यांनी लिहून घेतलंय माझ्याकडून.”

“कोनी बाद करल? खारीने?”

“अगं, लोक यायचेत. पाहुणे यायचेत. साडेपाचला थोडं तरी पाणी असेल. मधल्या धारेत असतंच की.”

तिने माझ्याशी वाद घातला असता तर मी ऐकलं असतं, असं मी स्वतःला सांगते. तिने घातला नाही. तिला वाटलं, पोरगी शिकलेली आहे, कागद लिहिते, हिला काहीतरी ठाऊक असेल. तिने वल्हं पायरीवर आडवं ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसली. मी तिला सावलीत चल म्हटलं, कोकम सरबत आणून दिलं. ती हलली नाही. एक वाजला, दोन वाजले. पाणी एकेक पायरी सोडत गेलं आणि ती ते बघत बसली. नव्या पायऱ्यांचं सिमेंट ओलं, मग कोरडं. तीनला गाळ उघडा पडला. चारला जॅकेटची गाडी आली, अगदी वेळेवर. केवढं कौतुक!

साडेपाचला पाहुणे आले. समोर दोनशे पावलं काळा चिकट गाळ, त्यात तीन होड्या कलंडलेल्या, आणि लांब मध्यभागी चकाकणारी एक बारीक धार. अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मला विचारलं, “मॅडम, पानी कब छोडेंगे?” कोणीतरी धरणातून पाणी सोडतं असं त्यांना वाटत होतं. देवा, माझं हसावं की रडावं असं झालं.

तिथेही मी गप्पच. पाहुणे ताटकळले होते, फोटोवाला सूर्य जातोय म्हणून ओरडत होता. अध्यक्ष म्हणाले, “बस फोटो के लिए बिठा दीजिए.” आणि मी आत्याला जाऊन म्हटलं, “बस गं जरा होडीत. फोटोपुरतं.”

आम्ही गाळात गुडघाभर रुतत होडीत जाऊन बसलो. नारिंगी जॅकेटं आत्याच्या लुगड्यावर कशी दिसत होती ते सांगत नाही. पाहुण्यांनी झेंडा हलवला. माइकवाला ओरडायला लागला, “और ये देखिए, हमारी आजी! आजी, जोर लगाओ! हईशा!” बांधावर हजार माणसं टाळ्या वाजवायला लागली. काहीजण हसत होते. माझ्या इमारतीतल्या बायकाही हसत होत्या, मोबाइल वर धरून. बाकीच्या दोन होड्यांतल्या बायकांनी वल्ही आत टाकली आणि तोंड फिरवून बसल्या.

आत्याला मात्र ते जमत नाही. वल्हं हातात असताना नुसतं बसायचं हे तिला कोणी शिकवलेलं नाही. तिने मध्यभागीची धार बघितली. होडी ढकलत तिथपर्यंत नेली तर तिथून खांब दूर नव्हता. तिने वल्हं गाळात रोवलं आणि छातीचा जोर लावला. होडी हातभर सरकली. लोक आणखी ओरडले. तिने पुन्हा रोवलं. मी म्हणत होते, “आत्या, राहू दे,” पण माइकपुढे माझा आवाज तिच्यापर्यंत पोचला का कुणास ठाऊक. तिसऱ्या वेळेला वल्हं गाळात अडकलं. ते उपसायला तिने हिसका दिला, आणि तिच्या खांद्यातून काहीतरी तुटल्याचा आवाज मी ऐकला. ती ओरडली नाही. हात मांडीवर ठेवून बसली. वल्हं गाळात उभंच होतं, त्याचाही फोटो कोणीतरी काढला.

मग मी भांडले. काय भांडले म्हणता! गाळाने माखलेल्या पायांनी स्टेजवर चढले, माइक ओढून घेतला. नदी नदी काय लावलंय, म्हटलं, कोणत्या शाळेत शिकलात? माझ्या आजीच्या आजीला कळत होतं ते तुम्हाला कळत नाही? माझी आत्या पाणी नसतं म्हणाली तेव्हा हात कसले जोडत होता? पाहुण्यांनाही सोडलं नाही. मराठीत सुरू केलं, हिंदीत शिरले, शेवटी आगरीत आले, तेव्हा गावच्या बाजूने टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या चपराकीसारख्या लागल्या. हे सगळं मी पंधरा दिवसांपूर्वी फोनवर बोलू शकले असते. तेव्हा एका वाक्यात काम झालं असतं.

रुग्णवाहिका होती, तेवढी मात्र खरी. डॉक्टरने सांगितलं की खांद्याचा स्नायू फाटलाय, हात गळ्यात बांधून ठेवा, आणि वल्हं आता विसरा. घरी आल्यावर मी आत्याच्या पायाशी बसून रडले. ती म्हणाली, “रडतेस कनाला? जेव.” पण वल्ह्याचं काही बोलली नाही. ते गाळातून काढून आणलं होतं, धुऊन पडवीत उभं केलं होतं. मला वाटलं होतं ती म्हणेल, घेऊन जा. म्हणाली नाही. घरात देत नाहीत ना.

दोन दिवसांनी मोबाइलवर प्रशस्तिपत्र आलं. फुलांची चौकट, वर तेच बर्फाचे डोंगर, मध्ये माझं नाव. ‘आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल.’ अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण पुसून टाकलं नाही मी ते. अजून आहे. खरंच होतं ते, सहकार्य केलंच होतं मी.

पंधरा दिवसांनी अमावास्या आली. अमावास्येलाही पाणी बाराचंच. त्या दिवशी मी रजा न टाकताच शाळा बुडवली आणि गावात गेले. आत्या पडवीत बसली होती, हात झोळीत. मी म्हटलं, “चल.” तिने आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उठली.

धक्क्यावर कोणी नव्हतं. झेंड्यांच्या काठ्या आणि फाटका बॅनर तेवढा पडला होता. आमच्या पाचही जणी आल्या, कोणी बोलावलं नव्हतं तरी दुसऱ्या पाड्यांच्या दोन्ही होड्या आल्या. आत्याला आम्ही धरून होडीत बसवलं, पाहुण्याला बसवतात तसं मध्ये. तीस वर्षांत ती त्या जागी कधी बसली नव्हती. मागे मी बसले. जाताना वल्हं माझ्या हाती असणं हे रिवाजाबाहेरचं होतं. पहिल्या खांबापर्यंत होडी दारू प्यालेल्या माणसासारखी चालली.

तिसऱ्या खांबाच्या सावलीत आलो तेव्हा वरून गाडी धडधडत गेली. मी वल्हं थांबवलं. मला वाटलं, डाव्या हाताने का होईना, ती एकदा त्याला हात लावेल, म्हणेल, घे. मी ते तिच्यापुढे धरलंसुद्धा.

तिने हात मांडीवरून हलवला नाही. “मी कशी देऊ?” ती म्हणाली. “माझ्याकरं हाय कुठं ते? मी न्हाय दिलं तुना. तू घेतलंस.”

डोळे भरून खांब दिसेनासा झाला. पाचही जणी पाठमोऱ्या, वल्ही वर धरून थांबल्या होत्या.

“पुढल्या साली,” आत्या म्हणाली, “कोनी तुना सांगितलं साडेपाच, त काय करशील?”

“भांडेन,” मी म्हटलं.

“कवा?”

“तेव्हाच. तिथल्या तिथे.”

“मग वलव होरी,” ती म्हणाली. “पानी उतराय लागलंय.”